वाळू दे

त्या लाँड्रीत कपडे द्यायला येणाऱ्याने एकच पथ्य पाळायचं असे: ते गाणं गुणगुणायचं नाही. काउंटरवर गाठोडं ठेवता ठेवता कुणी ती चाल नुसती शिटीवर जरी धरली, तरी कपडे परत मिळताना शर्टाचं एक बटण गेलेलं असायचं. वरून दुसरं. जे नसलं की माणूस ना धड उघडा दिसतो ना धड बंद. तक्रार केली तर आत्या चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "मशीनमध्ये जातात बटणं. मशीनला काय डोळे आहेत?" मशीनला डोळे नव्हते, पण कान होते, हे जुन्या गिऱ्हाइकांना पक्कं माहीत होतं. नवीन माणूस दिसला की तेच त्याला दारात गाठून सांगायचे, "आत जाताना तोंड बंद ठेवा."

आत्या ती खरं तर एकाच माणसाची, भावाच्या मुलीची. पण ती भाची लाँड्रीतल्या गाठोड्यांवर लोळत वाढली, दिवसभर 'आत्या, आत्या' करत राहिली, आणि ऐकून ऐकून सगळं गावच तिला आत्या म्हणायला लागलं. हे तोंडावर. पाठीमागे तिचं नाव होतं 'वाळू'. ते नाव त्या गाण्याने दिलं होतं. आणि गाणं ज्याने केलं त्याला ती विसरली नव्हती. माफ तर मुळीच केलं नव्हतं.

गाणं असं होतं. एक तरुण सुट्टीत समुद्रावर जातो. तिथे त्याला एक मुलगी भेटते. हनुवटीवर तीळ, अंगणात दोरीवर पांढऱ्या चादरी, त्यांच्या आडून तिचं डोकावणं. सुट्टी संपते. निरोपाच्या वेळी ती ना अंगठी मागते, ना वचन. फक्त म्हणते, 'वाळू दे'. तो ओंजळभर वाळू तिच्या पदरात टाकतो आणि निघून जातो. अजून ती तिथेच उभी आहे म्हणे, मूठ घट्ट मिटून, त्याची वाट बघत. 'वाळू दे, वाळू दे' हे धृपद आलं की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सलूनमध्ये वाजायचं, लग्नाच्या हॉलमध्ये वाजायचं, दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढताना वाजायचं. लोक मुद्दाम सुट्टी काढून या किनाऱ्यावर यायचे, एकमेकांच्या ओंजळीत वाळू ओतायचे, फोटो काढायचे आणि बाटलीत भरून घरी न्यायचे.

आणि मग हेच प्रेमिक लोक हॉटेलात परत जाऊन कपडे लाँड्रीला टाकायचे. प्रत्येक खिशात मूठमूठ वाळू.

कपडे धुणाऱ्या घरात वाळू हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. वाळू मशीनच्या पोटात गेली की मशीन दाताखाली खडा आल्यासारखं ओरडतं. वाऱ्याने ओल्या चादरीवर बसली की चादर परत पाण्यात. इस्त्रीखाली एक कण सापडला तर कापडावर कायमची रेघ. लहानपणापासून आत्याचं अर्धं आयुष्य अंगणातली वाळू झाडून बाहेर काढण्यात गेलेलं. अशी बाई कुणाकडे तोंड उघडून वाळू मागेल? जरा तरी डोकं चालवायचं. पण गाणं ऐकताना डोकं कोण चालवतो.

घडलं होतं ते वेगळंच. त्या वर्षी तो हॉटेलात राहायला आला तेव्हा त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. हातात गिटार, पायात झिजलेल्या चपला, तोंडाने मात्र गोड. हॉटेलच्या मागच्या फाटकातून तो लाँड्रीच्या अंगणात यायचा आणि पालथ्या बादलीवर बसून गाणी म्हणायचा. ती चादरी वाळत घालायची. वडील आत इस्त्री करायचे आणि खिडकीतून लक्ष ठेवायचे. त्याच्यावर तिचं मन बसलं होतं, हे खोटं नाही. तो यायच्या वेळेला ती केस नीट करायची, हेही खोटं नाही. पण सगळं काही त्या अंगणात, दिवसाढवळ्या, वडिलांच्या नजरेसमोर. हाताला हात लागला असेल तो चादरीची टोकं धरून घडी घालताना.

शेवटच्या दिवशी तो हट्टाला पेटला. "चल ना समुद्रावर. आज जायचंय मला. थोडा वेळ तरी चल." तिचीही इच्छा होती. पण दोरीवर हॉटेलच्या चादरी होत्या, ओल्या, आणि वारा सुटला होता. त्या सोडून गेली असती तर सगळ्यांवर वाळू बसली असती. ती म्हणाली, "आधी हे वाळू दे." आता झालं असं की तिच्या दातांत कपड्यांचा चिमटा होता. 'आधी हे' चिमट्यात अडकलं. बाहेर पडलं ते नुसतं 'वाळू दे'.

तो बादलीवरून उठला. तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग धावत फाटकातून बाहेर गेला, परत आला आणि ओंजळभर वाळू तिच्या पुढ्यात ओतली. पुढ्यात नुकत्याच घडी घातलेल्या उशांच्या खोळी होत्या. दुसरं कुणी असतं तर तिने चिमटा फेकून मारला असता. पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि तिचं मन बसलेलं, म्हणून ती हसली. हे शहरातले लोक असेच विचित्र, असं तिला वाटलं. पत्र लिहीन म्हणून तो गेला. खोळी तिने परत धुतल्या.

पत्र आलं नाही. वर्षभराने रेडिओवर गाणं आलं.

पहिल्या दोन कडव्यांचं तिला काही वाटलं नसतं. उलट पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती इस्त्री करता करता गालातल्या गालात हसली होती. मग तिसरं कडवं आलं. त्या कडव्यात रात्र होती. लाटांनी डोळे मिटले होते, आणि वाळूवर दोघांच्या अंगांचा मिळून एकच ठसा उठला होता. हातातली इस्त्री तशीच राहिली आणि कुणाच्या तरी पँटचा गुडघा जळला. अशी रात्र कधी झालीच नव्हती. त्याने ती घरी बसून, गाण्याला उठाव यावा म्हणून, पदरची घातली होती.

गावात हनुवटीवर तीळ आणि अंगणात चादरी असलेली मुलगी एकच होती. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकशी. चांगला माणूस, हाताला ग्रीस आणि बोलायला कमी. त्याची आई आली ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. ही जीव तोडून सांगायला लागली की असं काही झालं नाही, तो नुसता अंगणात येऊन बसायचा, गाणी म्हणायचा. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भेटत होतीस तर?" जे खरं सांगावं तेच अंगाशी येत होतं. लग्न मोडलं. वडील म्हणाले, "आता गप्प राहा. बोलशील तितकं वाढेल." ती गप्प राहिली. वडिलांनी रेडिओची वायर काढून ठेवली ती पुन्हा कधी लावली नाही, आणि ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात मुलीबद्दल थोडी शंका उरली होती की काय, हे तिला कधीच कळलं नाही. ते तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं. मेकॅनिकने दुसरीकडे लग्न केलं. त्याचे कपडे अजून तिच्याकडेच येतात. त्याच्या शर्टाचं बटण कधी गेलं नाही, एवढं त्याच्याबद्दल सांगायला हवं.

बाकी जगाची मात्र बटणं जात राहिली. त्यांच्यावर काय राग काढायचा, हे तिलाही कळत होतं. पण खरा माणूस हाताला लागत नव्हता. तो आता पोस्टरवर होता, टीव्हीवर होता, पांढऱ्या सुटात दोन्ही हात पसरून उभा. तिला त्याच्याकडून फार काही नको होतं. ते तिसरं कडवं त्याने गिळावं, एवढंच. ज्या तोंडाने ते जगभर सोडलं त्याच तोंडाने परत घ्यावं.

आणि एक दिवस भाची हॉटेलातून धावत आली. ती आता तिथे रिसेप्शनला होती, गळ्यात स्कार्फ आणि छातीवर बिल्ला. गाण्याची सगळी हकिगत घरातली म्हणून तिला माहीत होती. गावातली ती एकटीच होती जिने ती विश्वासाने ऐकली होती.

"आत्या, तो येतोय."

"कोण तो?"

"कोण म्हणजे? तोच. किनाऱ्यावर स्टेज घालतायत. संध्याकाळचा कार्यक्रम, टीव्हीवर थेट. जिथे गाणं सुचलं तिथेच गाणार म्हणे."

आत्याने हातातल्या शर्टाची कॉलर संथपणे दाबून घेतली. "राहायला कुठे आहे?"

"आमच्याकडेच."

"मग कपडे आपल्याकडेच येतील," आत्या म्हणाली. आणि त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी तिने पोटभर जेवण केलं.

कपडे आले. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी भाचीच घेऊन आली. पिशवीत पांढरा सूट, वर चिठ्ठी: फक्त इस्त्री, धुवायचा नाही. आत्याने सूट टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे खाटकाने बोकडाकडे बघावं तसं बघितलं. पाठीवर इस्त्री तशीच ठेवून द्यावी, हा पहिला विचार. पण जळलेला सूट फेकून माणूस दुसरा घालतो. मग निळीची बाटली आठवली. बगलेत जरा जास्त खळ घालावी, गाताना हात वर केला की सोलून निघेल, हेही मनात आलं, आणि ते बराच वेळ मनात राहिलं. शेवटी तिने ते सगळं बाजूला सारलं. नळ सोडला आणि सूट हौदात बुडवला. अख्खा. वर हाताने दाबून धरला.

भाचीने कपाळाला हात लावला. "अगं, फक्त इस्त्री लिहिलंय. त्याने दुसरा आणलेला नाही. मॅनेजर मला खाऊन टाकेल."

"मॅनेजरला सांग, चुकून भिजला. आणि असं सांग की सुटाच्या मालकाने स्वतः येऊन बघितल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. नाजूक कापड आहे. उद्या मला दोष नको."

मॅनेजरचा फोन आला. यापुढे हॉटेलचे कपडे बंद, असा दम भरून झाला. आत्या म्हणाली, "करा बंद. आत्ताचं बोला." फोन आपटला. उन्हं कलायला लागली होती. किनाऱ्याकडून स्पीकर तपासण्याचे आवाज येत होते, आणि अंगणात दोरीवर पांढरा सूट दोन्ही हात पसरून टपटपत होता. अगदी पोस्टरवरच्यासारखा.

तो आला तो मागच्या फाटकातूनच. अंगात हॉटेलचा आंघोळीचा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे त्याचे कपडे आणि पाण्याची बाटली सांभाळणारा एक जाडसर मदतनीस. आत्याला वाटलं होतं की फाटकाशी आल्यावर तरी तो थबकेल. बादली बघेल, दोरी बघेल. तो थबकला नाही. सरळ तिच्याकडे आला, चष्मा काढला आणि ठेवणीतलं हसला.

"मावशी, काय हे? गरिबाचे कपडे भिजवलेत होय?"

मावशी. तिच्याहून तो मोठाच होता. केस काळे करून घेतले म्हणजे माणूस कुणालाही मावशी म्हणायला मोकळा होतो की काय. तिने हनुवटी जरा वर केली, तीळ दिसावा म्हणून. त्याने बघितलं आणि त्याच्या नजरेत काही म्हणजे काही आलं नाही. ज्या तिळावर त्याने घर बांधलं, गाडी घेतली, तो तीळ समोर आणि गडी ओळखत नाही. इतकी वर्षं तिने मनात जे जे साठवलं होतं त्यात हे नव्हतं. हे नवीन होतं आणि जास्त झोंबणारं होतं.

"चुकून भिजला," ती म्हणाली.

"अहो, पण मला आत्ता स्टेजवर जायचंय. मी घालू काय?"

"मग वाळू दे."

ती हे मुद्दामच म्हणाली, त्याच्याकडे नाही, दोरीकडे बघत. तेव्हा म्हणाली होती तशीच.

आणि तो काय करतो? तो हसला. चेहऱ्यावर एक थकलेला, प्रेमळ, सराईत भाव आणला. जिथे जाईल तिथे बायका त्याच्यासमोर हात पसरून हेच दोन शब्द म्हणायच्या, आणि तो त्यांच्या हातावर चिमूटभर वाळू ठेवून सही द्यायचा. त्यासाठी मदतनिसाजवळ एक रेशमी पुरचुंडी असायची. ती हॉटेलात राहिली होती. म्हणून तो खाली वाकला, फाटकाजवळची मूठभर वाळू उचलली आणि आत्याच्या हातावर अलगद ठेवली.

भाचीने ओठ दाताखाली धरले. आत्याने हातावरच्या वाळूकडे बघितलं. मग हात उलटा केला आणि वाळू खाली पडू दिली.

"वाळू नको मला," ती म्हणाली. "सूट वाळू दे."

"काय?"

"ओला आहे ना तो? वाळू दे. म्हणजे सुकू दे. आणि त्या वेळीही चादरी ओल्या होत्या. 'आधी हे वाळू दे' असं म्हणाले होते मी. तोंडात चिमटा होता माझ्या." शेजारच्या टोपलीतला एक चिमटा तिने उचलला, दातांत धरला आणि म्हणून दाखवलं. नुसतं 'वाळू दे' बाहेर पडलं. चिमटा काढून ती म्हणाली, "तू वाळू आणून ओतलीस. खोळी परत धुवाव्या लागल्या मला."

त्याने तिच्याकडे बघितलं. हनुवटीकडे बघितलं. दोरीकडे, पालथ्या बादलीकडे. चेहरा हळूहळू उतरत गेला. मागे उभ्या मदतनिसाला आधी काही कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा त्याच्या तोंडून फुस्सकन हसू सुटलं. ते त्याने खोकल्यात लपवायला बघितलं, पण त्याचं पोट हलत राहिलं.

"तू आहेस होय," गायक म्हणाला.

"मी. वाट बघत उभी नव्हते, कामं करत होते. पण ते राहू दे. तिसरं कडवं कुठून आणलंस?"

"ते... ते कवितेत येतं गं. सगळं काही झालेलंच लिहितात असं नाही."

"माझं लग्न मोडलं तुझ्या कवितेने. माझा बाप माझ्याकडे मान वर करून बघेनासा झाला. मला गाव काय म्हणतं ते तुला म्हणून दाखवू?"

तो खरोखर कळवळला असावा. "मला कल्पनाच नव्हती. शपथ. मी आज स्टेजवरून तुझं नाव घेतो. तुला बोलावतो वर. लोक डोक्यावर घेतील तुला."

"म्हणजे आणखी एकदा मिरवायचं मला, तुझ्या सोयीने. नको. एकच कर. ते कडवं आज म्हणू नकोस, इथे तरी नाही. आणि पुन्हा कुठेच नाही. तेवढं केलंस तर चिमट्याची गोष्ट या अंगणाबाहेर जाणार नाही. तुझी वाळू तुला लखलाभ."

त्याने छातीवर हात ठेवला. "नाही म्हणणार. शब्द देतो."

शब्द. तिने दोरीवरचा सूट काढला, टेबलावर घेतला आणि त्याच्या देखत इस्त्री फिरवली. वाफ निघत होती. कडक झाला, पण आतून ओलसर राहिला. पूर्ण सुकवायला तिला येत नव्हतं असं नाही.

कार्यक्रम तिने अंगणातूनच ऐकला. किनारा एवढासा, आणि स्पीकर एवढे मोठे, की न ऐकायचं म्हटलं तरी सुटका नव्हती. भाची फाटकावर चढून स्टेजच्या पडद्यावर बघत होती आणि काय दिसतंय ते सांगत होती. "सूट अंगाला चिकटलाय गं त्याचा. सारखा पाठीवरून ओढतोय." गाणं सुरू झालं. पहिलं कडवं. धृपद आलं आणि सगळ्या किनाऱ्याने 'वाळू दे' म्हणत ओंजळी वर केल्या. दुसरं कडवं. मग नुसती गिटार वाजायला लागली. आत्याने दोरीला धरलं. तिला वाटलं, सोडतोय. मनातल्या मनात तिने त्याला थोडंसं सोडूनही दिलं, अगदी थोडंसं.

आणि तो गायला लागला. रात्र, लाटा, मिटलेले डोळे. दोघांच्या अंगांचा मिळून एकच ठसा. अक्षर न् अक्षर. लोक शिट्ट्या मारत होते आणि त्याला ते हवं होतं, बस. दुसरं काही कारण नव्हतं.

कडवं संपलं. धृपद यायचं होतं. ते आलं नाही.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"उभा आहे नुसता. माइक तोंडाशी धरलाय. आत्या, त्याला हसू येतंय की रडू, कळत नाहीये. सुटाची बाही बघतोय."

धृपद लोकांनीच म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आलं, जुन्या आठवणींनी गायकाचा कंठ दाटून आला. आत्याने ते वाचलं आणि पेपर हॉटेलच्या मोज्यांखाली अंथरला.

पण टीव्हीवर त्याचा ओला सूट सगळ्यांनी बघितला होता. दुपारी वार्ताहर मुलगी लाँड्रीत आली, पाठीमागे कॅमेरेवाला. गोड मुलगी होती, विचारायची म्हणून विचारत होती. "मावशी, सूट ओला कसा राहिला?"

वडिलांचं 'गप्प राहा' आत्याने इतकी वर्षं पाळलं होतं. काल संध्याकाळपर्यंत आणखीही पाळायची तयारी होती. तिने ॲप्रन नीट केला, खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली आणि दातांत चिमटा धरला.

"आता नीट ऐका," तिने चिमटा काढून सांगितलं. "मी काय म्हणते ते सांगा."

मग चिमटा परत दातांत धरून 'वाळू दे' म्हणून दाखवलं आणि सगळं सांगितलं. चादरी, वारा, खोळी. आणि शेवटी, आवाज न चढवता, "तिसऱ्या कडव्यातल्या रात्री कुठे होते म्हणाल तर घरी होते. इस्त्री करत होते. माझे वडील समोर बसले होते. ते असते तर त्यांनी सांगितलं असतं." एवढं बोलून तिने चिमटा परत टोपलीत टाकला. कॅमेरेवाल्याचा खांदा मात्र हसून हसून हलत होता, आणि चित्रही त्याच्याबरोबर हललं. ते तसंच दाखवलं गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. हॉटेलात भाची येणाऱ्या-जाणाऱ्याला किल्लीबरोबर ती गोष्ट द्यायची. मदतनिसाच्या पोटात तर काही राहतच नव्हतं. गायकाच्या पुढच्या कार्यक्रमात धृपद आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी ओला टॉवेल फडकवला. त्याच्या पुढच्या कार्यक्रमात लोक घरूनच भिजवून आले. 'वाळू दे' म्हटलं की हजारो मोजे, बनियन, टॉवेल हवेत. एकाने दोरीच बांधून आणली होती म्हणे. जिथे बायका डोळे पुसायच्या तिथे आता पोरंसोरं खिदळायची. तो चिडला, मग त्याने हसण्यावारी न्यायचं करून बघितलं, मग गाणं मध्येच तोडलं. आणि शेवटी ते त्याने कार्यक्रमातून काढूनच टाकलं. तिने एक कडवं मागितलं होतं. अख्खं गाणं गेलं.

त्याने एकदा फोन केला. म्हणाला, "माझं सगळ्यात चांगलं गाणं होतं ते. तू संपवलंस." आत्या म्हणाली, "शब्द कुणी मोडला?" तिने फोन ठेवला आणि भाचीला सांगून लाँड्रीवर मोठी पाटी लावून घेतली. निळ्या अक्षरात: वाळू दे. खाली बारीक: धुलाई व इस्त्री. हॉटेलवाल्याने कपडे बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही, कारण आता माणसं पाटीसमोर फोटो काढायला यायची, आणि येताना खिसे झटकून यायची. मेकॅनिकची आई फार म्हातारी झाली होती. ती एकदा सुनेच्या हाताला धरून आली, काउंटरपर्यंत आत आली, आणि काही न बोलता एक चादर धुवायला देऊन गेली. आत्याने ती चादर फारच पांढरी धुतली. क्षमा वगैरे काही नव्हे. बघू दे म्हातारीला, किती स्वच्छ निघतं ते.

गाणं आता कुठे ऐकू येत नाही. सलूनमध्ये नाही, लिफ्टमध्ये नाही. मशीनमध्ये बटणं जायचीही थांबली. नवीन गिऱ्हाइकांना तर आता त्या पथ्याची कुणी आठवणही करून देत नाही.

एका सकाळी वारा पडला होता. अंगणात चादरी वाळत होत्या आणि आत्या आत कॉलरींवर इस्त्री फिरवत होती. भाची कामावर निघता निघता दारात थांबली. तिने कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाली, "आत्या."

"काय गं?"

"तू काय म्हणतेयस?"

"मी? मी कुठे काय म्हणतेय?"

पण म्हणत होती. ओठ मिटलेलेच होते, तरी चाल चालू होती. दुसरं कडवं संपत आलं होतं, चादरीआडून डोकावण्याचं. ते फार सुंदर होतं, हे कुणी नाकारलं नसतं. आत्या थांबली. इस्त्री उभी करून ठेवली. खाली मान घालून तिने आपल्याच ॲप्रनचं वरून दुसरं बटण चिमटीत धरलं, आणि तोडून टाकलं.